संगणकाच्या अंगणात : नागापूर की नागपूर?

दोस्तांनो, पुढचे दोन पत्ते जरा मोठ्याने वाचा बरं.

पहिला : मु. पो. नागापूर.
दुसरा : मु. पो. नागपूर.

ऐकू आला फरक? फक्त एका कान्याचा! पण त्या एका कान्यामुळे पत्र केवढी रपेट करून येईल, ठाऊक आहे? पहिलं नागापूर अहिल्यानगर शहराला अगदी खेटून, मनमाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. तिथली औद्योगिक वसाहत प्रसिद्ध आहे. कारखान्यांच्या पत्त्यांवर तुम्ही ‘एमआयडीसी, नागापूर’ असं वाचलंही असेल. दुसरं नागपूर म्हणजे विदर्भातलं संत्र्यांचं शहर. दोन्हींमध्ये अंतर पाचशे किलोमीटरहून जास्त. घाईत लिहिताना काना राहून गेला, किंवा पावसाच्या थेंबाने पुसला गेला, की पत्र निघालं विदर्भाच्या सहलीला! बरं, नागापूर नावाची गावं महाराष्ट्रात आणखीही आहेत. म्हणजे काना नीट दिला तरी कोडं सुटलं असं नाही.

आता हेच पत्ते आकड्यांसकट वाचा.

नागापूर, ४१४१११.
नागपूर, ४४०००१.

आता चुकायची काही सोय आहे का? अक्षर कसंही असो, भाषा कुठलीही असो, हे सहा आकडे पत्राचा कान धरून त्याला बरोबर गावी नेतात. आज आपण या आकड्यांचं काम कसं चालतं ते बघू. आणि त्यातूनच संगणकाला शिकवायची एक मजेदार युक्ती शिकू : आकडे बघून त्यांना नावाची चिठ्ठी चिकटवायची युक्ती.

वेलणकरांचे सहा आकडे

पिनकोड आपल्याकडे सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ या दिवशी. म्हणजे स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वाढदिवशी. ही कल्पना मांडणारे गृहस्थ मराठी होते, बरं का! त्यांचं नाव श्रीराम भिकाजी वेलणकर. केंद्रीय दळणवळण मंत्रालयात ते अतिरिक्त सचिव होते आणि संस्कृतचे पंडित व कवीही होते. एकाच नावाची अनेक गावं, चुकीचे पत्ते, न लागणारं अक्षर आणि देशभरातल्या निरनिराळ्या लिप्या या सगळ्यांमुळे टपाल वेगवेगळं लावणाऱ्यांचे फार हाल होत. वेलणकरांनी त्यावर आकड्यांचा उतारा काढला.

पिनकोड डावीकडून उजवीकडे वाचायचा. प्रत्येक आकड्यागणिक आपण गावाच्या जवळ जवळ जातो. दुर्बीण फिरवत नेल्यासारखं!

पहिला आकडा देशाचा मोठा भाग सांगतो. ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड. १ ते ८ हे आकडे देशाच्या निरनिराळ्या भागांचे, तर ९ लष्करी टपालाचा. ० ने सुरू होणारा पिनकोड मात्र नसतोच.

पहिले दोन आकडे घेतले की त्या भागातला पोटभाग कळतो. ४० पासून ४४ पर्यंत आपल्या बाजूचे, ४५ ते ४८ मध्य प्रदेशचे आणि ४९ छत्तीसगडचा.

पहिले तीन आकडे घेतले की टपालाच्या वर्गवारीचा विभाग कळतो, आणि शेवटचे तीन आकडे नेमकं टपाल कार्यालय सांगतात. ४१४००१ हे अहिल्यानगर शहरातलं, ४१४००३ सावेडीचं आणि ४१४१११ आपल्या नागापूरच्या औद्योगिक वसाहतीचं.

गंमत बघा. टपाल लावणारा माणूस सहा आकड्यांची संख्या ‘चार लाख चौदा हजार एकशे अकरा’ अशी वाचतच नाही. तो नुसती सुरुवात बघतो. ‘चार-एक-चार... या खणात टाका!’ संख्या किती मोठी याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तो बघतो आकड्यांचा नमुना.

संगणकाचा चौकटी कंस

हेच काम संगणकाला सांगायचं असेल तर? त्यासाठी नमुने लिहायची एक छोटीशी भाषा आहे. तिची चारच चिन्हं आज शिकू.

पहिलं चिन्ह चौकटी कंस. [०-४] असं लिहिलं की त्याचा अर्थ ‘इथे ० ते ४ यांपैकी कुठलाही एक आकडा चालेल’. [०-९] म्हणजे ‘कुठलाही आकडा चालेल’. आणि [८९] म्हणजे ‘आठ किंवा नऊ’. एक कंस म्हणजे एकच आकडा, हे पक्कं लक्षात ठेवा.

दुसरं चिन्ह उभी रेघ, म्हणजे |. तिचा अर्थ ‘किंवा’.

तिसरं चिन्ह टोपी, म्हणजे ^. तिचा अर्थ ‘इथे सुरुवात झाली पाहिजे’.

चौथं चिन्ह डॉलरचं, म्हणजे $. त्याचा अर्थ ‘इथे शेवट झाला पाहिजे’.

झाली भाषा! आता नियम लिहू. प्रत्येक नियमाला दोन बाजू असतात. डावीकडे नमुना आणि उजवीकडे चिठ्ठी. संगणकाने नमुना शोधायचा, तो सापडला की पुसून टाकायचा आणि त्या जागी चिठ्ठी लिहायची.

^४[०-४][०-९][०-९][०-९][०-९]$ → महाराष्ट्र
^४[५-८][०-९][०-९][०-९][०-९]$ → मध्य प्रदेश
^४९[०-९][०-९][०-९][०-९]$ → छत्तीसगड

पहिल्या नियमात नागापूरचा ४१४१११ बसतो का ते बोट ठेवून बघा. चार? आहे. एक? ० ते ४ मध्ये आहे. पुढचे चार आकडे काहीही चालतील. संपलं! चिठ्ठी लागली : महाराष्ट्र. नागपूरचा ४४०००१ सुद्धा त्याच खणात पडतो. भोपाळचा ४६२००१? दुसरा आकडा ६, म्हणून पहिला नियम त्याला सोडून देतो आणि दुसरा पकडतो.

गोवा कुठे गेला?

आता पणजीचा पिन घ्या, ४०३००१. पहिला नियम काय म्हणेल? ‘चार आहे, शून्य आहे, या महाराष्ट्रात!’ अरेच्चा! १९६७ साली गोव्यातल्या लोकांनी मतदान करून महाराष्ट्रात विलीन न होता वेगळं राहायचं ठरवलं, आणि आपल्या एका नियमाने त्यांना चुटकीसरशी महाराष्ट्रात आणून बसवलं!

यावर उपाय सोपा आहे. गोव्याचे पिन ४०३ ने सुरू होतात. म्हणून आणखी एक नियम लिहू.

^४०३[०-९][०-९][०-९]$ → गोवा

पण हा नियम कुठे लिहायचा? शेवटी लिहिला तर काही उपयोग नाही. का ते बघा. महाराष्ट्राचा नियम आधी चालून गेला. त्याने ४०३००१ पुसून तिथे ‘महाराष्ट्र’ लिहिलं. आता गोव्याचा नियम आला आणि ४०३ शोधू लागला. ते आकडे आता आहेत कुठे? ते तर केव्हाच पुसले गेले!

म्हणून गोव्याचा नियम सगळ्यात वर हवा. कायम लक्षात ठेवायचं सूत्र असं : लहान, नेमका नियम आधी आणि मोठा, सरसकट नियम नंतर. घरी धान्य चाळतानाही असंच असतं. आई आधी खडे निवडते आणि मग दळण देते. दळल्यानंतर खडे कसे निवडणार?

चिठ्ठी खोटं बोलते तेव्हा

समजा, तुम्हाला वाटलं की आणखी पुढे जाऊ या. पहिल्या तीन आकड्यांवरून जिल्हाच लिहून टाकू.

^४१४[०-९][०-९][०-९]$ → अहिल्यानगर जिल्हा
^४२२[०-९][०-९][०-९]$ → नाशिक जिल्हा

दिसायला झकास. नागापूर बरोबर आलं, पारनेरचा ४१४३०२ बरोबर आला, पाथर्डीचा ४१४१०२ सुद्धा बरोबर. आता संगमनेरचा पिन टाका, ४२२६०५. चिठ्ठी लागली : नाशिक जिल्हा. अकोल्याचा नव्हे, आपल्या अकोले तालुक्याचा पिन ४२२६०१. तोही गेला नाशकात! शिर्डीचा पिन ४२३१०९, श्रीरामपूरचा ४१३७०९. म्हणजे एकाच अहिल्यानगर जिल्ह्याची गावं ४१३, ४१४, ४२२ आणि ४२३ अशा चार खणांत विभागलेली आहेत. उलट बीड जिल्ह्यातल्या आष्टीचा पिन ४१४ नेच सुरू होतो. आमच्या नियमाने आष्टीला न विचारता अहिल्यानगर जिल्ह्यात घेतलं!

यात वेलणकरांचं काही चुकलं नाही. टपालाचे विभाग टपालाच्या सोयीने पाडलेले असतात. गाडी कुठून जाते, पिशवी कुठे उतरते हे बघून. जिल्ह्याची हद्द ही निराळी गोष्ट. चूक आपल्या चिठ्ठीची आहे. आकडे सांगत होते ‘टपालाचा विभाग’ आणि आपण त्यावर लिहिलं ‘जिल्हा’.

‘त्यात एवढं काय बिघडलं?’ असं म्हणाल तर ऐका. समजा, एखाद्या शिष्यवृत्तीचा अर्ज संगणकावर भरायचा आहे. पिनकोड लिहिला की जिल्हा आपोआप भरला जातो, अशी सोय कुणीतरी केली आहे. संगमनेरच्या मुलीने ४२२६०५ लिहिलं आणि ‘जिल्हा : नाशिक’ असं आलं. तिच्या लक्षात आलं नाही. मग परीक्षेचं केंद्र नाशिकला, यादीतलं नाव नाशिकच्या रकान्यात. ती मात्र अहिल्यानगरच्या यादीत आपलं नाव शोधत बसली. संगणकाने काही मुद्दाम केलं नाही. त्याला जसं सांगितलं तसं त्याने केलं. सांगणाऱ्याने चार-दोन गावांचे पिन टाकून बघितले असते तर ही वेळ आली नसती.

आणखी एक गंमत. २०२४ साली अहमदनगर जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. त्यासाठी पिनकोड बदलावे लागले का? मुळीच नाही! नियमाच्या उजव्या बाजूची चिठ्ठी बदलली, डाव्या बाजूचा नमुना होता तसाच राहिला. नाव आणि खूण वेगवेगळी ठेवली की असं सोपं होतं.

आता गुणपत्रिका!

पिनकोड झाले. आता तुमच्या जिव्हाळ्याचा, किंवा धडकीचा म्हणा, विषय घेऊ. दहावीच्या निकालात टक्क्यांवरून श्रेणी ठरते, हे तुम्हाला माहीत आहे. ७५ आणि वर विशेष प्रावीण्य. ६० पासून प्रथम श्रेणी. ४५ पासून द्वितीय श्रेणी. ३५ पासून उत्तीर्ण. त्याखाली... जाऊ द्या!

ही चिठ्ठ्या लावायची कामगिरी आपल्या नमुन्यांकडून होईल का? होईल, पण एक अडचण आहे. नमुन्याच्या भाषेला ‘मोठा’ आणि ‘लहान’ कळत नाही. आपण ५९ आणि ६० बघितले की लगेच म्हणतो, एकाचाच तर फरक. नमुन्याला मात्र दिसतात दोन चित्रं : ‘पाच आणि नऊ’, ‘सहा आणि शून्य’. त्यांच्यात एकही आकडा सारखा नाही! म्हणून आपण दशकाच्या पायरीपाशी थांबून तुकडे पाडायचे.

३५ ते ४४ घ्या. यात तिशीतले ३५ ते ३९ आहेत आणि चाळिशीतले ४० ते ४४. म्हणून दोन तुकडे : ३[५-९] किंवा ४[०-४]. याच रीतीने सगळे लिहू.

^([०-९]|[१२][०-९]|३[०-४])$ → अनुत्तीर्ण
^(३[५-९]|४[०-४])$ → उत्तीर्ण
^(४[५-९]|५[०-९])$ → द्वितीय श्रेणी
^(६[०-९]|७[०-४])$ → प्रथम श्रेणी
^(७[५-९]|[८९][०-९]|१००)$ → विशेष प्रावीण्य

गोल कंस कशाला? टोपी आणि डॉलर आतल्या प्रत्येक तुकड्याला लागू व्हावेत म्हणून. बाकी त्यांचं काही काम नाही.

आता पडताळा घेऊ. ० ते १०० या एकूण किती संख्या? शंभर म्हणालात तर फसलात! शून्य धरून १०१. आता प्रत्येक नियमात किती संख्या बसतात ते मोजा. पहिल्यात १० + २० + ५ = ३५. दुसऱ्यात ५ + ५ = १०. तिसऱ्यात ५ + १० = १५. चौथ्यात १० + ५ = १५. पाचव्यात ५ + २० + १ = २६. बेरीज करा : ३५ + १० + १५ + १५ + २६ = १०१. जमलं! बेरीज कमी आली असती तर कुणीतरी बिनचिठ्ठीचं राहिलं असतं. जास्त आली असती तर कुणीतरी दोन खणांत शिरलं असतं. एवढी एक बेरीज करायची सवय लावून घ्या, पुष्कळ चुका घरातच सापडतात.

टोपी उडाली तर?

‘टोपी आणि डॉलर नाही लिहिले तर काय होतं?’ काय होतं म्हणजे? हाहाकार होतो! टोपी नसली की नमुना संख्येच्या पोटातही शोध घेऊ लागतो. पहिला नियम म्हणतो, ‘कुठलाही एक आकडा दिसला की अनुत्तीर्ण’. झालं! एका हुशार मुलाचे ९२ गुण. संगणकाने ९ बघितला : अनुत्तीर्ण. मग २ बघितला : अनुत्तीर्ण. निकाल काय? ‘अनुत्तीर्णअनुत्तीर्ण’. बिचारा एकाच परीक्षेत दोनदा नापास! आणि ज्याला १०० पैकी १०० मिळाले तो तर तीनदा!

हे हसण्यावारी नेता येतं, कारण चूक लगेच दिसते. न दिसणारी चूक जास्त वाईट. टक्केवारीत टिंब असतं ना? समजा, एका मुलीला ७४.८० टक्के मिळाले. टोपी-डॉलर नसतील आणि पहिला नियमही काढून टाकला असेल, तर संगणक ७४ ला लावतो ‘प्रथम श्रेणी’ आणि टिंबापुढच्या ८० ला लावतो ‘विशेष प्रावीण्य’! टोपी-डॉलर लावले तर? तर ७४.८० कुठल्याच नियमात बसत नाही. ती मुलगी चिठ्ठीशिवायच राहते.

आता जरा थांबून विचार करा. ७४.८० ची अडचण संगणकाची आहे का? आपणच म्हणालो होतो ‘६० ते ७४ प्रथम, ७५ ते १०० विशेष प्रावीण्य’. मग ७४ आणि ७५ यांच्या मधल्या मुलांचं काय? फट आपल्या बोलण्यातच होती. बोलताना माणसं समजून घेतात, म्हणून ती दिसली नाही. संगणक समजून घेत नाही, म्हणून तिथेच ठेचकाळला. नीट बोलायचं तर असं म्हणायला हवं : ‘६० किंवा जास्त, पण ७५ पेक्षा कमी’.

अजून एक खोडी सांगतो. चिठ्ठी म्हणून शब्दांऐवजी आकडे वापरले तर? समजा, उत्तीर्णांसाठी ‘४’ अशी खूण ठरवली. ३८ गुणांच्या जागी संगणकाने ४ लिहिलं. मग शेवटी आपण अनुत्तीर्णांचा नियम चालवला. त्याला दिसला एकटा ४. त्याला काय माहीत, ही चिठ्ठी आहे की गुण? ‘चार गुण? अनुत्तीर्ण!’ पास झालेला मुलगा नियमांच्या गर्दीत नापास. म्हणून चिठ्ठी अशी निवडा की ती पुढच्या कुठल्याही नमुन्यात सापडणार नाही.

ही भाषा आली कुठून?

नमुन्यांच्या या भाषेचा उगम गणितात आहे. स्टीफन क्लीनी नावाच्या अमेरिकन गणितज्ञाने मेंदूतल्या मज्जापेशींच्या जाळ्याचं गणित अभ्यासताना असे नमुने लिहायची रीत शोधली. त्याचा निबंध १९५६ साली प्रसिद्ध झाला. त्या वेळी ते निव्वळ कागदावरचं गणित होतं. पुढे केन थॉम्प्सन या संगणकतज्ज्ञाने मजकुरात असे नमुने झटपट शोधायची पद्धत १९६८ साली मांडली. युनिक्स ही सुप्रसिद्ध संगणक प्रणाली घडवणाऱ्यांपैकी हाच तो थॉम्प्सन. तेव्हापासून आजपर्यंत लाखो कार्यक्रमांमध्ये हे चौकटी कंस मुकाट्याने काम करत आहेत. अर्ज भरताना ‘पिनकोड सहा आकडी हवा’ असं संगणक बजावतो ना? त्यामागे बहुतेक वेळा असाच एक नमुना असतो.

आणि हो, आपले देवनागरी आकडेसुद्धा या भाषेत चालतात. संगणकाच्या जागतिक लिपीकोशात, म्हणजे युनिकोडमध्ये, ० ते ९ हे आपले आकडे ओळीने एकापुढे एक बसवलेले आहेत. म्हणून [०-९] लिहिलं की दहाही आकडे येतात. पण नियम इंग्रजी आकड्यांचा असेल आणि कुणी पिन देवनागरीत लिहिला, तर नियमाला तो ओळखता येणार नाही. आपल्यासाठी दोन्ही चार, संगणकासाठी दोन वेगळी चिन्हं!

नाव की माप?

मग शेवटी ही युक्ती वापरायची केव्हा? त्यासाठी स्वतःला एक प्रश्न विचारा : ‘या आकड्यांची बेरीज-वजाबाकी केली तर काही अर्थ लागतो का?’

नागापूर आणि नागपूर यांच्या पिनकोडांची सरासरी काढा. येते ४२७०५६. मग काय, त्या नंबरचं गाव दोघांच्या बरोबर मधोमध असतं का? छे! त्या सरासरीला काहीच अर्थ नाही. पिनकोड हे आकड्यांत लिहिलेलं *नाव* आहे. नावाला नमुना शोभतो. मोटारीची पाटी, फोन नंबर, पुस्तकावरचा क्रमांक ही सगळी अशी आकडी नावं.

गुणांचं तसं नाही. तुमचे ७० आणि मैत्रिणीचे ८०, तर सरासरी ७५. याला अर्थ आहे. गुण, वय, वजन, पाऊस ही *मापं*. मापांना सरळ तुलनाच बरी : ‘७५ पेक्षा कमी आहे का? ६० पेक्षा कमी आहे का?’ संगणकाला ते छान येतं आणि ७४.८० वाली मुलगीही मध्ये अडकत नाही. मग आपण गुणांचे नमुने लिहिले ते फुकट गेले का? मुळीच नाही. कधीकधी हातात फक्त मजकूर असतो आणि ‘शोधा व बदला’ एवढीच सोय असते. तेव्हा हीच युक्ती कामी येते. आणि आकड्यांकडे ‘चित्र’ म्हणून बघायची सवय लागते, ती वेगळीच.

डोकं खाजवा!

१. शाळेच्या क्रीडास्पर्धेत ५ ते ९ वर्षं ‘लहान गट’, १० ते १४ ‘मधला गट’ आणि १५ ते १७ ‘मोठा गट’. तिन्हींचे नमुने लिहा.

२. हजेरीत १ ते ४७ क्रमांक ‘अ’ तुकडीचे आणि ४८ ते ९५ ‘ब’ तुकडीचे. नमुने लिहा, आणि बेरीज करून ९५ येतात का ते पाहा.

३. कुणीतरी सात गुण ‘०७’ असे लिहिले. वरच्या पाच नियमांपैकी कुठला नियम त्याला पकडेल? नीट बघा हं!

४. घरात आलेली जुनी पत्रं, लग्नपत्रिका, मासिकांची वेष्टनं गोळा करा. पिनकोडचे पहिले तीन आकडे बघून त्यांचे गठ्ठे लावा. तुमच्या जिल्ह्याचे किती गठ्ठे झाले?

उत्तरं पुढच्या आठवड्यात.

आईबाबांसाठी : घरी संगणक असेल तर ‘लिब्रेऑफिस रायटर’ हा मोफत मिळणारा कार्यक्रम उघडावा. त्यातल्या ‘शोधा व बदला’च्या खिडकीत ‘रेग्युलर एक्स्प्रेशन्स’चा चौकोन निवडला की वरचे नियम एकेक करून चालवून बघता येतात. आकडे प्रत्येक ओळीत एकच लिहावेत. संगणक नसला तरी अडत नाही. एकाने नियम लिहावेत, दुसऱ्याने संगणक व्हावं आणि सांगितलं तेवढंच करावं, एक अक्षर जास्त समजून घेऊ नये. नियमातल्या फटी शोधायला हा खेळ पुरेसा आहे, आणि हसूनहसून पुरेवाट होते ती निराळीच!